कच्चा टाका

पहिलं केलं ते बसकर. हातभर बाय हातभर.
चार कोपरे नीट धरले होते,
पाचवा कुठून आला ते अजून कळलेलं नाही.
एकतीस वर्षं भूमापन खात्यात साखळी ओढली,
शिंदखेडा तालुक्यातल्या किती बांधांवर माझी सही,
आणि दोंडाईच्यात, माझ्याच ओट्यावर
एक चौकोन काटकोनात बसेना.

सुपडाबाईने ते उलटंपालटं करून पाहिलं.
म्हणाली, भाऊ, हाई वावर नई, गोधडी शे.
आणि पदरात खोचलेली सुई काढून
माझ्यासमोर बसलीच.

दोरा कोपरापर्यंत घ्यायचा. बोटभर जास्त झाला
की ती लगेच: आळशीना दोरा लांब.
नायलॉन नको, सरकतं.
नवं कापड आधी पाण्यातून काढायचं.
मी काढलं नाही; लाल खणाच्या एका पट्टीने
शेजारच्या बाळाचं दुपटं पहिल्याच धुण्यात गुलाबी झालं.
बाळाची आई हसली नाही. बाळाचं काही म्हणणं नव्हतं.

अस्तर जमिनीवर, चार कोपऱ्यांना चार दगड
(हे मला येत होतं)
वर तुकडे, कच्च्या टाक्याने टाचून,
मग कडेने निघायचं, फिरत फिरत आत यायचं.
कडपाईन सुरू, पोटमा सरानं.
आम्ही खात्यात नेमकं उलट करायचो.
आत उभं राहायचो आणि कड शोधायचो.

नक्षी तुला सुचते कशी, म्हटलं.
तिने मिरचीच्या पथारीकडे हनुवटी केली.
लाल, मध्ये चालायपुरती वाट, पुन्हा लाल,
वाटेत देठ खुडणाऱ्या बायांची पातळं:
एक पोपटी, एक जांभळं, एक धुऊन धुऊन रंग गेलेलं.
एवढंच. त्यात काय सुचायचं?

मला मात्र नकाशाशिवाय दुसरं काही दिसत नाही.
तर एका गावाचा गट नकाशा घेतला, आठवणीतून.
खाकी पँटचा नाला. बायकोच्या काळ्या परकराची काळी जमीन.
कपाशीला मलमल. गावठाणाला चिटाचे बारके तुकडे,
एकमेकांच्या अंगावर चढलेले, जसं ते होतंच.
दिवाळीपर्यंत नंबर शंभराच्या पुढे गेलो.

एकशे बारापाशी कापड फुगलं.
काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा फुगलं.
उखा आणि भिला, दोघे भाऊ, मध्ये बांध.
वैशाख होता, साखळी बाभळीच्या खोडात अडकलेली,
शिपाई सावलीला गेलेला,
आणि मी शेवटचा आकडा डोळ्यांनी घेतला.
डोळ्यांनी घेतला आणि शाईने लिहिला.

दीड गुंठा असेल. जास्तच असेल.
उखाच्या पोरीच्या लग्नात भिला जेवला नाही.
हे मला कचेरीत कळलं, चहा पिताना,
आणि चहा मी संपवला.

सुपडाबाईला यातलं काही सांगितलं नाही.
तिने फुगवट्यावर अंगठा फिरवला, म्हणाली,
उसव.
उसवलं. धाग्याला कितीसा वेळ लागतो.
दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसलो,
कुठला उखाचा, कुठला भिलाचा, तेही विसरून.
मग एकावर एक थोडे चढवले
आणि नुसते टाचून ठेवले,
पांढऱ्या दोऱ्याने, मोठाले टाके.

बाकीची गोधडी पक्की झाली.
टाके एकसारखे नाहीत. वरच्या कडेला उंदीर पळाल्यासारखे,
खालच्या कडेला जरा माणसात आलेले.
तेवढी जागा राहिली तशीच.
पक्की कर आते, ती दर मंगळवारी म्हणते,
बाजारातून येताना पिशवी टेकवून.
करू, म्हणतो.

थंडी पडली आहे. पांघरतो.
रात्री कूस बदलताना पायाचा अंगठा
कशात तरी अडकतो.
दिवा न लावताही कळतं, नंबर कितीचा.